शेवटचा थर कोणाचा? निक्कोची लाख आणि शिरपूरचा लेप

१/
वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात शिरपूर नावाचे गाव आहे. तेथील अंतरिक्ष पार्श्वनाथाचे दार १९८१ मध्ये बंद झाले आणि २०२३ पर्यंत बंद राहिले. चोरी, पडझड किंवा परचक्र यांपैकी कोणतेही कारण त्यामागे नव्हते. मूर्तीवर जो लेप द्यावयाचा, तो कोणी द्यावा आणि कसा द्यावा, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. एका लेपासाठी ४२ वर्षे दार बंद का राहावे? हे उमगण्यासाठी आधी जपानमधील एका डोंगरावर जावे लागेल.

२/
टोकियोच्या उत्तरेस निक्को हे डोंगराळ, घनदाट वृक्षराजीचे क्षेत्र आहे. तोकुगावा घराण्याचा पहिला शोगुन इएयासु १६१६ मध्ये मरण पावला. प्रथम त्याला कुनो डोंगरावर पुरले आणि १६१७ मध्ये निक्को येथे त्याचे देवस्थान उभारले गेले. शोगुन म्हणजे नावाने सेनापती, प्रत्यक्षात राज्यकर्ता. सम्राट गादीवर असे, सत्ता शोगुनाकडे असे. सातारा आणि पुणे यांचे नाते ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

३/
आज जे तोशोगू दिसते ते मुख्यतः इएयासुचा नातू इएमित्सु याचे काम. १६३४ ते १६३६ या काळात, सुमारे दीड वर्षात त्याने आजोबांचे स्थान नव्याने उभारले. तेथील योमेइमोन या दरवाजावर ५०० हून अधिक कोरीव आकृती आहेत: अजगरासारखे दैवी प्राणी, ऋषी, खेळणारी मुले, फुले. वाईट पाहू नये, ऐकू नये, बोलू नये असे सांगणारी ती जगप्रसिद्ध तीन माकडे याच आवारातील घोड्यांच्या पागेवर कोरलेली आहेत.

४/
एवढा थाट ओलांडून यात्रेकरू पुढे जातो. झोपलेल्या मांजराचे इवलेसे शिल्प असलेल्या दाराखालून दगडी पायऱ्या सुरू होतात. दोनशेहून अधिक पायऱ्या चढल्यावर प्रत्यक्ष समाधी येते. तेथे सोन्याचा वर्ख नाही, रंग नाही. कठड्याच्या आत ब्राँझचा एक स्तूपासारखा मनोरा, एवढेच. इएमित्सु स्वतः १६५१ मध्ये वारला. त्याची समाधी ‘ताइयुइन’ १६५३ मध्ये शेजारीच पूर्ण झाली. ती आजोबांच्या वास्तूवर कुरघोडी करू नये, अशा बेताने बांधल्याचे मानले जाते.

५/
निक्कोच्या या वैभवाचे मर्म एका गोष्टीत आहे: ते लाकडाचे आहे. डोंगरातील दमट हवा, पाऊस, बर्फ यांपुढे उघडे लाकूड टिकत नाही. म्हणून त्यावर उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाचे थरावर थर देतात. आपल्याकडची लाख किड्यापासून मिळते, ही झाडापासून. पण काम तेच, पृष्ठभागाला झिलई आणि कवच देणे. त्यावर रंग आणि सोन्याचा वर्ख. हे सारे काही दशकांत फिकटते, पापुद्रे सुटतात आणि कारागिरांना पुन्हा मचाण बांधावे लागते.

६/
म्हणजे आज प्रवासी ज्या झळाळीपुढे थबकतो, ती १६३६ सालची नसते. सांगाडा आणि घडण जुनी, पण डोळ्यांना दिसणारा थर अनेकदा गेल्या काही वर्षांतला. योमेइमोनची अलीकडची मोठी दुरुस्ती २०१७ मध्ये संपली. त्या कामात दरवाजाच्या बाजूच्या भिंतींवरील कोरीव फळ्या उतरवल्या, तेव्हा त्यांच्याखाली त्याहून जुनी चित्रे आढळली. एका पिढीच्या अलंकाराखाली दुसऱ्या पिढीचा अलंकार दडलेला होता.

७/
आता खरा प्रश्न: हा थर देण्याचा अधिकार कोणाचा? इएयासुला मरणोत्तर ‘तोशो दाइगोंगेन’ ही उपाधी मिळाली. ‘गोंगेन’ म्हणजे बुद्धतत्त्वाने स्थानिक देवाच्या रूपात प्रकट होणे. आपल्या अवतारकल्पनेच्या जवळची ही कल्पना आहे. त्यामुळे निक्कोच्या एकाच आवारात शिंतो देवस्थान आणि बौद्ध मंदिर गुण्यागोविंदाने नांदत होते. पुजारी आणि भिक्षू यांच्या सीमा कोणी आखल्या नव्हत्या, कारण त्यांची गरजच पडली नव्हती.

८/
१८६८ मध्ये शोगुनशाही संपली आणि मेइजी सरकारने शिंतो व बौद्ध वेगळे करण्याचा हुकूम काढला. निक्कोचे एकसंध क्षेत्र कागदावर तीन संस्थांत विभागले गेले: तोशोगू आणि फुतारासान ही दोन शिंतो देवस्थाने व रिन्नोजी हे बौद्ध मंदिर. पण इमारतींना हुकूम कळत नाही. बुद्धाची काही दालने देवस्थानाच्या आवारातच उभी राहिली. त्यांचा मालक कोण, हा वाद दुसऱ्या महायुद्धानंतर न्यायालयात गेला आणि दीर्घकाळ चालला.

९/
त्याच वादग्रस्त दालनांपैकी होन्जिदो हे एक. त्याच्या छतावर एक विशाल ड्रॅगन रंगवलेला होता. त्याच्या मुखाखाली दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटले की निनाद घुमे, म्हणून तो ‘रडणारा ड्रॅगन’. १९६१ मध्ये हे दालन आगीत जळाले. ते पुन्हा बांधले गेले, ड्रॅगन कातायामा नान्पु या चित्रकाराने नव्याने रंगवला. आज शिंतो देवस्थानाच्या आवारात बौद्ध भिक्षू त्या ड्रॅगनचा निनाद पाहुण्यांना ऐकवतात.

१०/
निक्कोचा धडा एवढाच. अलंकृत वास्तू एकदा बांधून होत नाही, ती प्रत्येक पिढीत पुन्हा ‘केली’ जाते. आणि जो ती पुन्हा करतो, तो नकळत तिचा अर्थही ठरवतो. म्हणून बांधणाऱ्याच्या नावाबद्दल फारसे भांडण होत नाही. भांडण होते ते पुढचा थर देणाऱ्याच्या हक्काबद्दल. ही गोष्ट मनात ठेवून आता शिरपूरकडे वळू.

११/
शिरपूर ज्या प्रदेशात आहे, त्याला शिल्पपरंपरा नवीन नाही. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा प्राकृत कवी होता. याच शाखेच्या हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे दान दिले, तसा लेख तेथे आहे. खुद्द राजधानीतील वाकाटक वाडे मात्र मातीत गेले. डोंगरात कोरलेले उरले, जमिनीवर बांधलेले गेले.

१२/
शिरपूरचा देव म्हणजे जैनांचे २३ वे तीर्थंकर पार्श्वनाथ. काळसर वर्णाची पद्मासनातील मूर्ती, मस्तकावर नागफणा. ‘अंतरिक्ष’ हे विशेषण ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, या श्रद्धेतून आले. पूर्वी डोईवर घागर घेतलेली स्त्री मूर्तीखालून सहज जात असे, आता केवळ अंगलूछनाचे वस्त्र सरकवता येते, असे परंपरा सांगते. १४ व्या शतकात जिनप्रभसूरी यांनी ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात भारतातील जैन तीर्थांची वर्णने लिहिली. त्यात या श्रीपुरावरही एक प्रकरण आहे.

१३/
कथा अशी. एलिचपूरकडील राजा रोगाने गांजला होता. एका जलाशयाच्या पाण्याने तो बरा झाला. त्या पाण्यात पार्श्वनाथाची मूर्ती असल्याचा दृष्टांत झाला. मूर्ती राजधानीस नेण्याची अनुज्ञा मिळाली, पण एका अटीवर: वाटेत मागे वळून पाहायचे नाही. शिरपूरजवळ राजाला शंका आली, मूर्ती खरोखर येत आहे ना? त्याने वळून पाहिले. मूर्ती तेथेच अधांतरी थांबली. इंग्रजी राजवटीतील ‘इम्पीरियल गॅझेटियर’नेही ही कथा नोंदवली आहे.

१४/
कथेचा एक पुढचा धागा श्वेतांबर परंपरेत आहे. राजाने मोठ्या खर्चाने देऊळ बांधले, पण त्यात स्वतःचे नाव अजरामर व्हावे अशी अभिलाषा होती. देव त्या देवळात गेलाच नाही. पुढे संघाने दुसरे स्थान केले तेव्हा तो तेथे विराजमान झाला. ही इतिहासाची साक्ष नव्हे. पण एका समाजाने काय लक्षात ठेवले, याची ती साक्ष आहे: वैभव उभारणारा एक, आणि देव ज्याच्याकडे राहतो तो दुसरा.

१५/
शिरपूरला गेलेल्या अभ्यासकाला हे द्वैत प्रत्यक्ष दिसते. गावाबाहेर ‘पवळी’ म्हणून ओळखले जाणारे जुने दगडी देऊळ आहे, यादवकालीन वळणाचे, ज्याला लोक हेमाडपंती म्हणतात. आणि गावात, वाड्यांच्या वस्तीत, दुसरे मंदिर आहे. तेथे जिना उतरून भुयारासारख्या खोलीत जावे लागते. शिल्पाची श्रीमंती बाहेरच्या देवळात. ज्या मूर्तीसाठी दोन समाज शतकभर झगडले, ती या तळघरात.

१६/
आता लेप. परंपरेनुसार ही मूर्ती वाळू आणि शेणाची आहे. रोजच्या पूजेचे पाणी, दूध, चंदन यांनी अशा मूर्तीची झीज होणार हे उघड आहे. म्हणून काही वर्षांनी तिच्यावर नवा लेप चढवावा लागतो. निक्कोच्या लाकडाला जशी लाख, तसा शिरपूरच्या मूर्तीला लेप. तो कवच आहे, आणि भाविकाला दिसणारे रूपही तोच आहे.

१७/
येथेच पेच आहे. दिगंबर परंपरेत तीर्थंकर सर्वसंगपरित्यागी, म्हणून त्याची मूर्ती वस्त्रचिन्हरहित असते. श्वेतांबर परंपरेत मूर्तीवर कटिसूत्राची रेषा (कंदोरा) आणि कासोट्याची खूण असते. चक्षू आणि टिळे लावतात, आंगी चढवतात. दगडी मूर्ती एकदा घडली की घडली. पण जिचे दृश्य रूप लेपाने ठरते, तिच्यावर कंदोऱ्याची एक रेषा उमटली किंवा पुसली गेली, तर देवाचा पंथच बदलल्यासारखे होते.

१८/
म्हणून शिरपूरच्या वादाला ‘क्षुल्लक’ म्हणून हसणे सोपे, पण चुकीचे आहे. दिगंबरासाठी ती रेषा त्यागाच्या आदर्शावर घातलेले आवरण आहे. श्वेतांबरासाठी तीच रेषा पुसणे म्हणजे पिढ्यानपिढ्यांच्या पूजेचा भंग आहे. दोघांनाही देव जसा होता तसाच हवा आहे. फक्त ‘जसा होता’ याचा अर्थ दोघांचा वेगळा आहे.

१९/
१९०५ मध्ये दोन्ही पंथांनी समजूतदारपणे एक वेळापत्रक ठरवले. कोणत्या वेळी कोणी आपल्या पद्धतीने पूजा करावी, याची वाटणी झाली. पण वेळ वाटून घेता येतो, लेप वाटून घेता येत नाही. पूजा संपली की फुले उतरतात, लेप मात्र दुसऱ्याच्या वेळेतही मूर्तीवरच राहतो. थोड्याच वर्षांत लेपावरील कंदोरा-कासोट्याच्या खुणांवरून तंटा पेटला आणि १९१० मध्ये प्रकरण न्यायालयात गेले.

२०/
तेव्हा वाशीम हा अकोला जिल्ह्याचा भाग होता. स्वतंत्र वाशीम जिल्हा १९९८ मध्ये झाला. म्हणून दावा अकोल्यास चालला. १९१८ मध्ये तेथील निकाल लागला, १९२३ मध्ये नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टाचा, आणि १९२९ मध्ये थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा. ब्रिटिश हिंदुस्थानातील अपिलाचे ते शेवटचे ठिकाण. वऱ्हाडातील एका तळघरातील लेपाचा तंटा सातासमुद्रापलीकडच्या न्यायाधीशांपुढे उभा राहिला.

२१/
निकालाचा आशय असा: मंदिराचे व्यवस्थापन आणि आपल्या रीतीने लेप देण्याचा हक्क श्वेतांबरांचा, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे आपल्या रीतीने पूजा करण्याचा हक्क दिगंबरांचा. मूर्ती मुळात कोणत्या पंथाची, या धर्मप्रश्नापेक्षा व्यवस्था कोणाकडे आणि वहिवाट कोणती, या प्रश्नांवर न्यायालयांना उत्तर शोधता येत होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा भेद लक्षात घ्यावा. न्यायालय वहिवाट मोजते, श्रद्धा मोजत नाही.

२२/
पण निकालाने तंटा मिटला नाही. लेप झिजणारच होता आणि झिजला की नवा द्यावा लागणारच होता. प्रत्येक नव्या लेपाची वेळ म्हणजे जुन्या जखमेची खपली निघण्याची वेळ. नवे अर्ज, नवे दावे होत राहिले आणि १९८१ मध्ये दार बंद झाले. दोन्ही पंथांचे भाविक येत राहिले, पण दर्शन झरोक्यातून. ज्या मूर्तीची रोज दोन्ही रीतींनी पूजा व्हायची, तिची कोणत्याच रीतीने पूजा होईना.

२३/
या ४२ वर्षांचा हिशेब दावे-प्रतिदाव्यांत सापडणार नाही. बंद दाराबाहेर लहानाची मोठी झालेली एक संपूर्ण पिढी शिरपुरात आहे. यात्रेकरूंवर ज्यांचा चरितार्थ होता, ते फुलवाले, भोजनालये, टांगे आणि पुढे रिक्षा चालवणारे यांपैकी कोणीच त्या दाव्यात पक्षकार नव्हते. आणि आत झिजणारी मूर्ती. लेपाचा हक्क सिद्ध होईपर्यंत लेप नाही, आणि लेप नाही म्हणून झीज चालूच.

२४/
फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याचा गाभा १९२९ च्या निकालाचाच होता: व्यवस्था आणि लेप एका पक्षाकडे, वेळापत्रकानुसार पूजा दुसऱ्याचीही. पुढच्या महिन्यात दार उघडले. कटुता मात्र दाराबरोबर उघडून बाहेर गेली, असे झाले नाही. १९०५ मध्ये जे समोरासमोर बसून ठरवता आले होते, ते आता न्यायालयीन आदेशाच्या आधाराने सांभाळावे लागते.

२५/
मग ज्या वास्तूवरून कोणीच भांडत नाही, ती सुखी असते का? उत्तरासाठी शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजास जावे. जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेस निजामशाही दरबारात पुत्र-नातवासह मारले गेले. त्यांची समाधी सिंदखेडराजा येथे आहे, भव्य चौकोनी इमारत. लखुजींच्या मृत्यूनंतर सातच वर्षांनी निक्कोचे तोशोगू पूर्ण झाले. म्हणजे या दोन समाध्या साधारण एकाच पिढीच्या.

२६/
इएयासुच्या वंशजांनी पुढे सव्वादोनशेहून अधिक वर्षे राज्य केले आणि निक्कोच्या दुरुस्तीला शोगुनाचा खजिना होता. लखुजींच्या समाधीला असा अखंड राजाश्रय लाभला नाही. आज तिची काळजी पुरातत्त्व खाते घेते. २०२४ मध्ये समाधीच्या परिसरात संवर्धनाचे काम चालू असता जमिनीखाली शिवमंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूचे मोठे, देखणे शिल्प सापडले. योमेइमोनच्या फळ्यांखाली जशी चित्रे, तसा येथे समाधीच्या पायाशी एक विसरलेला देव.

२७/
विसरलेल्या देवाची गोष्ट खुद्द वाशीम शहरातही आहे. औरंगजेबाच्या काळात लपवलेल्या मूर्ती १७६० मध्ये एका घोडेस्वाराला योगायोगाने दिसल्या, जमिनीतून एका मूर्तीचे बोट डोकावत होते, असे सांगतात. साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी तेथे बालाजी मंदिर बांधले. खांबावरील लेखात १७७९ हे साल येते. साबाजी १७७५ मध्येच पाचगावच्या लढाईत, सख्ख्या भावाविरुद्ध लढताना पडले होते. धनी गेला, दिवाणाचे देऊळ उभे राहिले. आज गावाच्या ओठांवर बालाजी आहे, साबाजी नाही.

२८/
थर नेहमी रंगाचा किंवा लेपाचाच असतो असे नाही. कारंजा (लाड) येथे दिगंबरांच्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या परंपरांची जुनी मंदिरे आहेत. तेथील लाकडी कोरीवकाम पाहण्यासारखे आहेच, पण खरा खजिना ग्रंथभांडारांत होता. पोथीचे पानही झिजते. तिला जिवंत ठेवण्याचा उपाय एकच, नवी प्रत करणे. शतकानुशतके कोणीतरी त्या प्रती करत राहिले, अनेकदा आपण लिहितो ती अपभ्रंश भाषा बोलणारा कोणी उरलेला नसतानाही.

२९/
१९२६ मध्ये रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची छापली आणि कारंजाकडे विद्वानांचे लक्ष गेले. पुढे दुसरे हिरालाल, म्हणजे अमरावतीचे प्राध्यापक हिरालाल जैन, यांनी हे काम हाती घेतले. कारंजाच्या ग्रंथमालांतून १० व्या शतकातील कवी पुष्पदंत याचे ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्य यांनी १९३१ मध्ये, तर ‘णायकुमारचरिउ’ हिरालाल जैन यांनी १९३३ मध्ये संपादिले. मराठीच्या पूर्वजांचा अभ्यास करणाऱ्याला हे ऋण विसरता येणार नाही.

३०/
याच जिल्ह्यात मंगरुळपीर आहे, ज्याच्या नावातच हयात कलंदर यांच्या दर्ग्याची ओळख आहे. आणि मानोरा तालुक्यात पोहरादेवी, बंजारा समाजाचे परमतीर्थ, जेथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. बैलांवर धान्य-मीठ लादून देशभर फिरणाऱ्या या समाजाने आपली स्मृती दगडात नव्हे, भजनांत आणि तांड्यांच्या गीतांत सांभाळली. रामनवमीला लोक दूरदूरहून येथे येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये या समाजाचे वारसा संग्रहालय येथे सुरू झाले.

३१/
नवी वास्तू उभी राहिली की तिचा उद्घाटनाचा फलक लागतो. तिची खरी परीक्षा मात्र पन्नास वर्षांनी असते: रंग उडाल्यावर तो देणारे कोण असतील, आणि तो कोणता असावा हे एकत्र बसून ठरवू शकतील का? पोहरादेवीचे संग्रहालय ही परीक्षा अजून द्यायचे आहे. निक्को ती न्यायालयांतून आणि आगीतून देऊन बसले. शिरपूर अजून देत आहे.

३२/
शिरपूरला जाणाऱ्याने दोन्ही देवळे पाहावीत. आधी गावाबाहेरच्या पवळीचे दगड निवांत न्याहाळावेत, मग गावातल्या मंदिरात जावे. ज्या वेळी ज्या पंथाची पूजा चालू असेल, त्यांची मर्यादा पाळावी. पुजाऱ्याला ‘मूर्ती खरी कोणाची?’ असे विचारू नये. ‘मूर्ती अधांतरी कशी?’ असेही फार विचारू नये. विचारायचेच तर एवढे विचारावे: हा लेप केव्हाचा, आणि पुढचा केव्हा?